आप्पांच्या पट्ट्या

आमच्या सोसायटीचे माळी आप्पा चेअरमनला 'तू' म्हणत आणि जास्वंदीला 'माय'. यात काही उलटंपालटं होतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. आम्हा खानदेशी माणसांच्या तोंडात 'तू' सगळ्यांसाठीच असतो, देवासाठी आणि सरपंचासाठीसुद्धा. पण सुरतच्या डिंडोलीतल्या सात मजली सोसायटीच्या चेअरमनला हे कोण समजावणार? तो सकाळी पांढरे बूट घालून चालायला खाली उतरला की आप्पा वाफ्यातून ओरडायचे, "ए दादा, तू आठून नको जाऊ, आळं ओलं शे!" आणि लगेच खाली वाकून, आवाज मऊ करून जास्वंदीला म्हणायचे, "ए माय, दम धर, मी पानी लई उनू." चेअरमनचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चहा पीत हे बघायची आणि माझी सकाळ चांगली जायची.

हे सगळं हसत हसत सांगावं म्हणून लिहायला बसले होते. पण विषयाला हात घातला की हसू जातं आणि संताप येतो, त्याला मी काय करू? आप्पा आता आमच्याकडे नाहीत. त्यांची झाडंही नाहीत. झाडं वाऱ्याने गेली असं आमच्या सोसायटीत कुणालाही विचारलंत तरी सांगतील. वाऱ्याने ती फक्त मोडली होती. मोडलेलं सांधणारा माणूस आमच्याकडे होता. पुढे काय झालं ते मी सांगणार आहे आणि सांगताना कुणाचीही भीडभाड ठेवणार नाही, माझी स्वतःचीसुद्धा नाही.

आप्पा मुळात माळी नव्हतेच. "ओ माळी" अशी हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. लोकांना वाटायचं, बहिरे आहेत. निम्मे बहिरे ते होतेच. तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात काढल्यावर कुणाचा कान शाबूत राहतो? पण "आप्पा" म्हटलेलं त्यांना बरोबर ऐकू यायचं. "मी माळी नही शे," ते सांगायचे, "मी कारीगर शे." शिरपूरकडच्या एका खेड्यातून सतराव्या वर्षी ते सुरतेत आले आणि कतारगामच्या एका कारखान्यात लूमवर उभे राहिले. पुढे जुनी यंत्रं भंगारात निघाली तेव्हा यंत्रांबरोबर तेही बाहेर पडले. मग नवागामातल्या त्यांच्या गल्लीतल्या कुणीतरी त्यांना आमच्या गेटपर्यंत आणून सोडलं. शेतातल्या मातीचं ज्ञान लहानपणीचं आणि बोटांचं ज्ञान कारखान्यातलं, एवढ्या भांडवलावर त्यांनी पश्चिमेच्या भिंतीलगत चाळीस पावलांची बाग उभी केली. त्याआधी तिथे सिमेंटची पोती आणि एक मोडका झोपाळा पडलेला असायचा.

त्या बोटांबद्दल सांगायलाच हवं. लूमवर धागा तुटला की यंत्र थांबतं आणि कारागिराला तो बघता बघता जोडावा लागतो. आप्पांनी आयुष्यभर तेच केलं होतं. दोन टोकं चिमटीत धरायची, अंगठा फिरवायचा, झाली गाठ. आणि गाठ इतकी बारीक की कापडात ती शोधूनही सापडू नये. माझ्या शालीचा धागा एकदा कडीत अडकून निघाला होता, तो त्यांनी वाफ्याच्या कडेला बसल्या बसल्या बसवून दिला. मातीने भरलेले हात आधी धोतराला पुसले, मग शाल घेतली. मी पैसे विचारले तर माझ्याकडे असं बघितलं की मी पर्स बंद केली.

माझी त्यांची ओळख झाली ती भांडणाने. मी एकतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे शुद्ध बोलायची सवय हाडीमाशी खिळलेली. शिवाय खरं सांगायचं तर, या सोसायटीत घर घेतल्यापासून मी घराबाहेर अहिराणी बोलणंच सोडून दिलं होतं. एका सकाळी मी खाली जाऊन म्हटलं, "आप्पा, देवासाठी चार फुलं काढून घेते आहे." ते म्हणाले, "दोन काढ. आन बाई, तुनं गाव कोनतं?" मी अमळनेर सांगितलं. "मंग शाळानं मराठी काब्र बोली ऱ्हायनी? आपलं बोल ना!" मला राग आला. मी दोनच फुलं घेतली आणि तरातरा वर आले. दुसऱ्या दिवशी मात्र मीच त्यांना अहिराणीत विचारलं, चहा घेणार का. एका वाक्याला मी तीनदा अडखळले. त्यांनी चहा घेतला, साखर कमी आहे म्हणून सांगितलं, आणि त्यानंतर आमचं जमलं.

दोन फुलांचा नियम सगळ्यांना होता. एका झाडावर कितीही फुलं असोत, एका घराने दोनच न्यायची. आणि या नियमाचा आमच्या भल्या माणसांनी काय चुराडा केला होता! बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज पहाटे प्लास्टिकची पिशवी घेऊन यायचे आणि मोगरा ओरबाडायचे, कळ्यांसकट. ओठांवर विष्णुसहस्रनाम आणि हात दुसऱ्याच्या घामावर. आप्पांनी एकदा त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली, फुलं बाकावर ओतली आणि त्यातली दोन परत दिली. याची तक्रार कमिटीकडे गेली. कळ्या तोडणाऱ्याची तक्रार कधी कुणी केली नव्हती.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात तो वारा आला. दुपारची साडेतीनची वेळ असेल. समुद्राच्या बाजूने आभाळ पिवळं पडलं आणि पंधरा मिनिटांत सगळं होत्याचं नव्हतं झालं. समोरच्या गोडाऊनचे पत्रे उडाले, एका दुकानाची पाटी आमच्या भिंतीवरून आत येऊन जास्वंदीवर पडली. पाऊस थेंबभर नाही, नुसती धूळ आणि वारा. मी खाली धावले तेव्हा आप्पा आधीच बागेत होते. गुलाब मुळापासून हलले होते, जास्वंदीच्या फांद्या अर्ध्या तुटून सालीवर लोंबत होत्या, मोगरा आडवा झाला होता, अनंताचं एकही फूल जाग्यावर नव्हतं. आप्पा काहीच करत नव्हते. भिंतीला टेकून उभे होते आणि एकेका झाडाकडे बघत होते.

मी कात्री घेऊन तुटकं कापायला पुढे झाले तर खेकसले, "ठेव ते! तीन दिन याले हात नको लावू. कोठे दुखस ते झाड सोता सांगी." मला हे खुळ्यासारखं वाटलं. पण तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, जी फांदी मी पहिल्या दिवशी बिनदिक्कत कापली असती तिची पानं हिरवीच होती, आणि जी मला धडधाकट दिसली होती ती वरून काळी पडली होती. तोवर त्यांनी काय केलं असेल तर एवढंच, की खारट धूळ बसलेली पानं साध्या पाण्याने धुतली, फाटकी फुलं खुडली आणि हललेल्या बुंध्यांभोवती टाचेने माती दाबली. चेअरमनने कुणाकडून तरी खताची पिशवी पाठवली होती, ती आप्पांनी तशीच परत केली. "पडेल माणूसले जेवन नही देतस, दादा. पानी देतस."

चेअरमनला तेवढा धीर कुठला? वारा येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने टेम्पो मागवला. सगळं उपटायचं, लाद्या बसवायच्या आणि वर खोटं हिरवं गवत घालायचं, असं त्याच्या मनात बऱ्याच दिवसांपासून होतं. वाऱ्याने त्याला निमित्त दिलं. आप्पा टेम्पोपुढे उभे राहिले. "ए दादा, हाई जितं शे. जितं झाड कोनी फेकस का?" त्या दिवशी मीही त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि शाळेतल्या आवाजात बोलले. शेवटी चेअरमन म्हणाला, "चालो बेन, एक महिनो." महिन्याभरात बाग उभी राहिली तर राहिली, नाहीतर लाद्या. आप्पांनी 'एक महिना' हे ऐकलं आणि मान हलवली. "सव्वा महिना लागी," ते मला म्हणाले. "बायतीनले सव्वा महिना, याले बी सव्वा महिना." बायतीन म्हणजे बाळंतीण. पण तेवढ्या आठ दिवसांसाठी भांडण वाढवू नये, असं मीच त्यांना सांगितलं.

मग पट्ट्या आल्या. आप्पांची बायको, वत्सलावहिनी, घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करत. कारखान्यातून साड्यांबरोबर काठांची कातरणं यायची. मऊ, लांब, बोटभर रुंद. नारिंगी, पोपटी, राणी रंगाची. आप्पा त्यांचं गाठोडं घेऊन आले. अर्धवट तुटलेली फांदी वर उचलायची, साल सालीला बरोबर भिडवायची, ओल्या मातीचा पातळ लेप द्यायचा, दोन्ही अंगांना बांबूच्या कामट्या लावायच्या आणि वरून पट्टी गुंडाळायची. सुतळी का नाही, मी विचारलं. सुतळी रुतते, ते म्हणाले. फांदी मी धरायची आणि पट्टी ते बांधायचे, असे आम्ही चार दिवस बसलो. माझे गुडघे कुरकुरत होते आणि मला फार दिवसांनी बरं वाटत होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला ती कारखान्यातली गाठ शिकवली. पाच-सहा फांद्या मी एकटीने बांधल्या. "हात बरा शे तुना," ते म्हणाले. मला माझ्या निरोपसमारंभातल्या भाषणांपेक्षा ते जास्त भिडलं.

बारा-तेरा दिवसांत जास्वंदीच्या बांधलेल्या फांदीवर नवा कोंब दिसला. पोपटी, नखाएवढा. आप्पांनी मला हाक मारून खाली बोलावलं आणि लांबूनच दाखवला, जवळ जाऊ दिलं नाही.

झाडांचं असं ठीक चाललं होतं. पण आमच्या लोकांना डोकं दिलंय ते कशासाठी, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे. रंगीत चिंध्या बांधलेली झाडं बघून दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनना वाटलं, हा खानदेशी म्हातारा जाणता असणार, त्याने काहीतरी मंतरून बांधलंय. त्यांच्या मुलाचा परदेशचा व्हिसा अडकला होता. त्यांनी गुपचूप एक लाल फडकं गुलाबाला बांधलं आणि हात जोडले. दुर्दैवाने चार दिवसांनी व्हिसा आला! मग काय विचारता. कुणी लग्नासाठी, कुणी गुडघ्यासाठी, कुणी सुनेसाठी. पुढच्या चार दिवसांत आप्पांच्या पट्ट्यांपेक्षा नवसाची फडकी जास्त झाली. नायलॉनच्या दोऱ्या काय, राख्या काय, कुणी तर चपलेची नाडी बांधली होती. कोवळ्या सालीवर ती आवळून बसली. आप्पा रोज सकाळी ती सोडत आणि ओरडत, "आरे, मोडेल हाडले पट्टी बांधतस, नवस नही बोलतस!" ज्यांचे नवस सुटले त्या बायका चिडल्या. एकीने तर आप्पांना घालून पाडून बोलून घेतलं.

वाऱ्यानंतर चौदाव्या दिवशी कमिटीची सभा झाली. चेअरमनच्या पुतणीची हळद, इकडे तिला पीठी म्हणतात, बागेसमोरच्या मोकळ्या जागेत व्हायची होती, त्यासाठी बोलावलेली सभा. बोलता बोलता चिंध्यांचा विषय निघाला. नवरदेवाकडची माणसं येणार, त्यांना वाटेल इथे कुणा बाबाचं ठाणं आहे, असं कुणीतरी म्हटलं. मी तिथे होते. मला सगळं ठाऊक होतं. कुठली पट्टी कशासाठी, ती किती दिवस राहायला हवी, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी उठून दोन वाक्यं सांगितली असती तर काम झालं असतं.

मी काय म्हटलं, सांगू? मी म्हटलं, "आता फक्त नारळ फोडायचा राहिलाय. तेवढा फोडा आणि आप्पांनाच भगत नेमून टाका."

खोली हसली. चेअरमन तर टाळी देऊन हसला. माझा टोमणा हंसाबेनना आणि त्यांच्या मंडळाला होता हो, आप्पांना नव्हता. पण मी तो तिथेच सोडला, खुलासा केला नाही, कारण मला ते हसणं आवडलं. नऊ वर्षं त्या सोसायटीत राहून माझ्या बोलण्यावर एवढी माणसं पहिल्यांदा हसली होती. एरवी मी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची तक्रारखोर मराठी बाई. त्या दिवशी मी त्यांच्यातली झाले, आणि चेअरमनने सभेच्या वहीत लिहून घेतलं की शिक्षिकाबेनचंही हेच म्हणणं आहे, हा अंधश्रद्धेचा प्रकार बंद व्हावा.

सतराव्या दिवशी आप्पा बहिणीच्या नातवाच्या लग्नाला गावी गेले. तीन दिवसांसाठी. जाताना वर आले, दारातच उभे राहिले. "तीन दिन ध्यान ठेव, बाई. पट्टीले कोनी हात नको लावाले पाहिजे." मी म्हटलं, निर्धास्त जा.

अठराव्या दिवशी सकाळी मंडपवाल्यांची माणसं आली. त्यांना कमिटीने सांगून ठेवलं होतं. ब्लेडच्या चाकूने त्यांनी भराभर पट्ट्या कापल्या, नवसाच्या आणि आप्पांच्या, सगळ्या सारख्याच. कामट्या ओढून काढल्या. मग उघड्या फांद्यांवर त्यांनी पॉलिस्टरच्या फुलांच्या माळा तारेने बांधल्या, फोटोत बाग भरलेली दिसावी म्हणून. जिवंत जास्वंदीच्या अंगावर कापडी गुलाब! मी गॅलरीतून बघितलं आणि खाली धावले. भांडलेही. किती वेळ? दोन-तीन मिनिटं. मंडपवाल्याने खांदे उडवले. चेअरमन म्हणाला, "बेन, तमेज तो कह्युं हतुं." तुम्हीच तर म्हणाला होतात. तेवढ्यात नवरीची आई आली, माझा हात धरून मला बायकांत घेऊन गेली आणि माझ्या गालाला हळद लावली. आणि मी बसले. लाज वाटते लिहायला, पण मी तिथे बसले, खमण खाल्लं आणि घरी आले.

माळांच्या वजनाने त्याच संध्याकाळी पहिली फांदी सुटली. दुसऱ्या दिवशी उन्हात बाकीच्या वाकल्या. मी पट्ट्या शोधून पुन्हा बांधायला गेले, तर सांधे उघडे पडून कोरडे झाले होते. आप्पा तिसऱ्या दिवशी थेट बसस्टँडवरून आले, हातात लग्नाच्या बुंदीची पिशवी होती. ती त्यांनी बाकावर ठेवली. "कोनी काढ्यात पट्ट्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मंडपवाल्यांनी. ते खरंच होतं आणि साफ खोटंही होतं. त्यांनी एकेक तार सोडवली, एकेका फांदीचा सांधा चिमटीत धरून बघितला. मी विचारलं, पुन्हा बांधू या का? "एकदाव सांधा उघडा पडना का मंग नही धरत," ते म्हणाले. मी त्यांना नेहमी चिडलेलं बघितलं होतं, त्या दिवशी ते चिडले नाहीत. तरी आठवडाभर ते रोज आले, पाणी घातलं, सावलीसाठी साड्या बांधल्या. मोगऱ्याची दोन झाडं तेवढी तगली.

महिना भरला. लिफ्टजवळच्या फळ्यावर गुजरातीत नोटीस लागली. आप्पांना गुजराती वाचता येत नव्हतं. त्यांनी मलाच बोलावलं. "काय लिखेल शे, बाई?" मी वाचलं. 'माळीनी बेदरकारीने कारणे बगीचो सुकाई गयो होवाथी तेने छूटो करवामां आव्यो छे.' त्यांना कामावरून काढलंय हे त्यांना आधीच समजलं होतं. ते एका शब्दावर थांबले. "बेदरकारी म्हंजे?" मी नोटिशीची तारीख वाचायला लागले. "सांग ना." म्हटलं, लक्ष दिलं नाही म्हणून. "मी?" ते म्हणाले. "मी लक्ष नही दिनं?" एवढंच ते दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा फळ्याकडे बघून, जणू फळा उत्तर देणार होता. मग मोगऱ्याला पाणी घातलं, पाइप गुंडाळून ठेवला आणि गेटबाहेर गेले. चौथ्या दिवशी लाद्या बसल्या, दोन मोगऱ्यांसकट सगळं गेलं.

पंधरा दिवस मी स्वतःला समजावत होते. मग नवागामला त्यांच्या खोलीवर गेले. गल्ली अरुंद, दारात साड्यांचा ढीग, वत्सलावहिनी धागे कापत बसलेल्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि सांगितलं की आसपासच्या तीन सोसायट्यांत आप्पा काम मागायला गेले होते. चेअरमन लोक एकमेकांना ओळखतात. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं, झाडं मारणारा माळी आम्हाला नको. आता ते इच्छापोरला एका कारखान्याचं आवार झाडायला जात होते. तेवढ्यात आप्पा आले. मी उभी राहिले आणि सभेत काय म्हणाले होते ते सगळं सांगितलं. हळदीचंही सांगितलं.

"माले ठाऊक शे," ते म्हणाले. कामावरून काढलं त्या दिवशी चेअरमननेच त्यांना ऐकवलं होतं, तुझी बाईसुद्धा आमच्या बाजूची आहे म्हणून. मला वाटलं होतं, आता ते म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं. आपल्याकडची म्हातारी माणसं असं म्हणतात. आप्पा म्हणाले नाहीत. "चेअरमनले मी काय बोलू? त्याले समजत नही. तुले सगळं ठाऊक व्हतं, बाई. तू फांदी धरेल व्हती."

मी रडायला लागले तर त्यांनी तेही चालू दिलं नाही. विचारलं, तुला काही करता येईल का. मी म्हटलं, मी कमिटीशी भांडते, तुम्हाला परत कामावर घ्यायला लावते. "काम नको माले," ते म्हणाले. "तठे जे लिखेल शे ते पुसी टाक. झाडे मी नही मारात, येवढं लिखी दे. तू शाळानी बाई शे, तुले लिखता येस."

पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, माझ्या त्या वाक्यासकट. या वेळी कुणी हसलं नाही, कुणी ऐकलंही नाही. पार्किंगचा विषय पुढे होता. वहीत लिहा, मी म्हटलं. चेअरमन समजुतीच्या सुरात म्हणाला, "बेन, झाडज छे ने!" झाडंच तर आहेत. त्या दिवशीपासून मी स्वतःच्या हाताने, गुजरातीत आणि मराठीत, कागद लिहून त्या फळ्यावर लावते. दोन दिवसांत तो फाडला जातो. मी दुसरा लावते. लिफ्टमध्ये माझ्याशी आता कुणी बोलत नाही. हंसाबेन मान वळवतात. बोलू नका, पण वाचा. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, आणि त्या तीन सोसायट्यांसाठी, कागदावरचा मजकूर इथे पुन्हा लिहिते:

आप्पांनी एकही झाड मारलेलं नाही. वाऱ्याने मोडलेली झाडं ते जगवत होते. ती आम्ही मारली, आणि मारणाऱ्यांत पहिलं नाव माझं आहे.